ताट उलटं होतं, तरी माझ्या लक्षात आलं नाही

मी डोंबिवलीत राहते. घरातूनच लोकर, क्रोशेच्या सुया आणि विणकामाचे किट विकते. माझ्या गिऱ्हाईक सगळ्या विणणाऱ्या बायका. कुणी बाळंतविड्यातली झबली-टोपडी करतं, कुणी रुखवतासाठी तोरणं, कुणी ताटाभोवतीच्या महिरपी. हे जग छोटं आहे. एकीला चांगली लोकर मिळाली की आठवडाभरात पन्नास जणींना कळतं आणि एकीला वाईट अनुभव आला तर त्याच संध्याकाळी. अशा ठिकाणी माल विकणारीकडे तिच्या शब्दाशिवाय दुसरं भांडवल नसतं. माझा तो शब्द २०२४च्या गौरी-गणपतीच्या आधी पणाला लागला. तो कसा, हे सगळं लिहिते आहे, कारण मला फसवणारी विक्रेती आता दुसऱ्यांकडे जाते आहे.

आषाढात मला एका घाऊक विक्रेतीचा मेसेज आला. 'ताई, माझी स्वतःची महिरप डिझाइन आहे, कमळाची. किट तयार आहेत. गणपतीत हातोहात जातील.' किटमध्ये चार रंगांची चार पदरी लोकर, सुई, मोती आणि छापील नमुना. भाव ३४० रुपये. सोबत एक सुंदर फोटो होता. शहाबादी फरशीवर मांडलेलं नैवेद्याचं ताट, भोवती लाल-पिवळ्या कमळांची महिरप. मी विचारलं, 'डिझाइन नक्की तुमचंच ना?' उत्तर आलं, 'शंभर टक्के. रजिस्टर केलंय.' आणि पाठोपाठ एक सर्टिफिकेट, वर सरकारी बोधचिन्ह, खाली नोंदणी क्रमांक. मी ६० किट घेतले. २०,४०० रुपये, सगळे आगाऊ, यूपीआयने. बिल मागितलं तर 'मालाबरोबर पाठवते' म्हणाली. मालाबरोबर बिल आलं नाही, आणि मी पुन्हा मागितलं नाही.

४८० रुपयांना एक असे ४१ किट दोन आठवड्यांत गेले.

पहिली खूण एका गिऱ्हाइकानेच दिली होती. चिंचवडच्या एका ताईंनी विचारलं, 'सहाव्या ओळीत कोपऱ्यावर एकाच घरात दोन साखळ्या आणि एक मुका खांब घ्यायला सांगितलंय, ते कशासाठी? हिशोब जुळत नाही.' (साखळी, खांब, मुका खांब ही क्रोशेच्या टाक्यांची नावं.) मी प्रश्न जसाच्या तसा विक्रेतीकडे पाठवला. तिचं उत्तर: 'चार्टमध्ये आहे तसं करा.' जिने नमुना स्वतः बसवलाय तिला प्रत्येक टाक्याचं कारण माहीत असतं. उसवून उसवूनच तर नमुना जमतो. हे मी इतकी वर्षं विणकाम करून जाणते, तरी त्या दिवशी मी ते उत्तर तसंच पुढे पाठवून दिलं.

मग सांगलीहून एका काकूंचा मेसेज आला. वय सत्तरीकडे झुकलेलं. आमच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपमध्ये त्यांना त्यांच्या भाचीने घेतलं होतं. त्यांनी लिहिलं, 'अगं, ही महिरप माझी आहे. फोटोसुद्धा माझ्या घरातला आहे.'

इथे माझी चूक झाली. ती लपवणार नाही. मी दोनशे बायकांसमोर त्यांना विचारलं, 'काकू, तुमच्याकडे काही पुरावा आहे का? आमच्याकडे सर्टिफिकेट आहे.' आणि ते सर्टिफिकेट तिथेच टाकलं. आणखी दोघी-तिघींनी री ओढली. कमळ काय एकटीचं असतं का, साखळी-खांब सगळ्यांचेच, वगैरे. काकू गप्प झाल्या. आठ दिवस मी तो माल विकत राहिले. त्या आठ दिवसांची मला जितकी लाज वाटते तितकी पैसे गेल्याचीही वाटत नाही.

ते सर्टिफिकेट काय होतं ते आधी सांगते, कारण यात अनेक जणी फसतील. ती उद्यम नोंदणी होती. लघुउद्योगाची ही नोंदणी ऑनलाइन, फुकट होते आणि तिचा डिझाइनशी काडीचाही संबंध नाही. एखादीचा व्यवसाय आहे एवढंच ती सांगते. जीएसटीचा नंबर किंवा दुकानाचा परवाना दाखवला तरी तेच. डिझाइनची नोंदणी २०००च्या डिझाइन कायद्याखाली होते, तिचं काम कोलकात्याच्या पेटंट कार्यालयातून चालतं आणि मुदत आधी १० वर्षं, पुढे आणखी ५. चित्र, चार्ट, लिहिलेल्या सूचना यांचा कॉपीराइट वेगळा. त्याचा अर्ज केला की डायरी नंबर मिळतो आणि तो नंबर कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाकून अर्ज कुठवर आलाय ते कुणालाही पाहता येतं. 'रजिस्टर केलंय' असं कुणी म्हणालं तर नंबर मागा आणि स्वतः तपासा. माझी दहा मिनिटं गेली असती.

नोंदणी नाही म्हणजे हक्क नाही, असंही नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणी सक्तीची नाही. काकूंनी वहीत चार्ट काढला त्या क्षणी तो त्यांचा झाला. साखळी कुणाची नाही, खांब कुणाचा नाही, कमळही कुणाचं नाही. पण त्यांनी ज्या रीतीने चार्ट मांडला आणि ज्या शब्दांत सूचना लिहिल्या, ते त्यांचं आहे. हा फरक मला तेव्हा सांगता आला असता तर ग्रुपमधलं ते बोलणं तिथेच थांबलं असतं.

आठव्या दिवशी काकूंच्या भाचीने मला फोन केला. चिडून नाही, शांतपणे म्हणाली, 'ताई, मी तीन गोष्टी पाठवते. फक्त बघा.'

पहिली गोष्ट, वहीच्या पानाचा फोटो. गणिताची चौकटीची वही, पेन्सिलने काढलेली कमळं, खोडरबराने खोडून खोडून कागद झिरझिरीत झालेला, एका कोपऱ्यावर हळदीचा डाग. सहाव्या ओळीशी बाण काढून काकूंनी लिहिलं होतं, 'इथे जरा ओढून घ्या, नाहीतर कड उचलते.' मी आमचा छापील नमुना काढला. सहावी ओळ: 'इथे जरा ओढून घ्यावे, नाहीतर कड उचलते.' काकूंचे टाके मोजताना चुकले होते, कड वर येत होती, म्हणून त्यांनी कोपऱ्यावर त्या दोन साखळ्या आणि मुका खांब घालून ती सावरली होती. चिंचवडच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर त्या वहीत होतं. चोरणारीने चूकही उचलली आणि चुकीवरची मलमपट्टीही.

दुसरी गोष्ट, काकूंनी भाचीला दोन वर्षांपूर्वी पाठवलेला महिरपीचा फोटो, तारखेसह, तिच्या फोनमधल्या मूळ संभाषणात.

तिसरी गोष्ट पाहिल्यावर मी खाली बसले. तोच फोटो, पण सरळ. विक्रेतीने मला दिलेला फोटो आरशातल्यासारखा फिरवलेला होता, म्हणजे शोधूनही मूळ सापडू नये. आणि ते ताट वाढलेलं होतं. आपल्याकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं डाव्या हाताला आणि भाजी, आमटी उजव्या हाताला वाढतात. लहानपणी पाट मांडायला शिकवतात तेव्हापासून हे डोळ्यांत बसलेलं असतं. माझ्याकडच्या फोटोत लिंबाची फोड उजवीकडे होती आणि भाजी डावीकडे. ६० किट घेताना आणि ४१ विकताना मी तो फोटो शंभरदा तरी पाहिला असेन. फरशीच्या कोपऱ्याचा टवका दोन्ही फोटोंत होता, एकात डावीकडे, एकात उजवीकडे.

मी विक्रेतीला तिन्ही गोष्टी पाठवल्या. तिची उत्तरं एकापाठोपाठ बदलत गेली. आधी म्हणाली, 'ती बाई खोटं बोलतेय.' मग, 'हे रशियन डिझाइन आहे, दोघींनीही तिथूनच घेतलंय.' मग, 'मी बदल केलेत. वीस टक्के बदललं की डिझाइन आपलं होतं.' हे वीस टक्के मी त्यानंतर इतरांकडूनही ऐकलं आहे. कायद्यात असा कुठलाही टक्का नाही. मूळ कामाचा महत्त्वाचा भाग उचलला आहे का, एवढंच पाहिलं जातं. शेवटी ती म्हणाली, 'ताई, विकलंय तुम्ही. तक्रार तुमच्यावर होईल. माझ्या नावाचं बिल आहे का तुमच्याकडे?'

बिल का पाठवलं नव्हतं ते मला तेव्हा कळलं.

ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, नक्कल विकणं हेसुद्धा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५१ खाली हक्कभंगच आहे, ती तुम्ही केलेली नसली तरी. खरंच माहीत नव्हतं हे सिद्ध केलं तर नुकसानभरपाईच्या बाबतीत काही दिलासा मिळू शकतो, पण न्यायालय विक्री थांबवू शकतं आणि झालेला नफा द्यायला लावू शकतं. आणि काकूंचा मेसेज आल्यापासून 'माहीत नव्हतं' म्हणता येत नाही. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. म्हणजे ते आठ दिवस नुसते लाजिरवाणे नव्हते, धोक्याचेही होते. तक्रार आली की त्याच तासाला विक्री थांबवायची, ती खरी की खोटी ते नंतर ठरवायचं. आणि बोलणं खाजगीत करायचं, चार जणींसमोर नाही.

पैसे परत मिळवायला मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५वर फोन केला. तिथे कळलं की २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुन्हा विकण्यासाठी माल घेणारी व्यक्ती 'ग्राहक' धरली जात नाही. माझ्याकडून किट घेणारी ताई ग्राहक, मी नाही. घरगुती विक्री करणाऱ्या कितीजणींना हे माहीत असेल? पोलीस ठाण्यात अर्ज घेतला, पण हे दिवाणी प्रकरण आहे असं सांगितलं. वकीलबाईंनी सांगितलेला एक मुद्दा कामाचा आहे. १९३०च्या माल विक्री कायद्यात, विकणाऱ्याला तो माल विकायचा हक्क आहे, ही अट गृहीतच धरलेली असते. त्यावर मी नोटीस पाठवली. ती 'पत्ता सापडत नाही' असा शेरा घेऊन परत आली.

मी काकूंना फोन केला. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण ऐनवेळी 'काकू, माझं चुकलं' एवढंच तोंडातून निघालं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'बाळ, मला पैसे नकोत. पण ज्यांनी विणायला घेतलंय त्यांना अर्धवट सोडायला लावू नकोस. लोकर वाया जाते.' मी हट्ट धरला तेव्हा एका किटमागे ६० रुपये घ्यायला तयार झाल्या. मग ज्या ग्रुपमध्ये त्यांच्याकडे पुरावा मागितला होता त्याच ग्रुपमध्ये मी सगळं लिहिलं आणि माफी मागितली. १७ जणींनी किट परत केले, त्यांचे पैसे दिले. २४ जणींनी ठेवले, त्यांना काकूंच्या नावाचा, त्यांच्या अक्षरातला चार्ट नव्याने पाठवला आणि काकूंना १,४४० रुपये. उरलेल्या ३६ किटमधले छापील नमुने फाडून टाकले, लोकर सुटी विकली. कुरिअर धरून मला ६,११० रुपयांचा खड्डा पडला. विक्रेतीने एक रुपयाही परत केलेला नाही.

आता कुणाचं डिझाइन विकायला घेण्याआधी मी तीन गोष्टी मागते: कच्च्या चार्टचा फोटो, अर्धवट विणलेल्या नमुन्याचा फोटो आणि बिलावर एक ओळ, 'हे डिझाइन माझे आहे, वाद झाल्यास जबाबदारी माझी.' फोटो डॉक्युमेंट म्हणून मागते, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखा पाठवला तर तो केव्हा काढला ही त्यातली माहिती निघून जाते. जी खरी कलाकार असते तिला याचा राग येत नाही. उलट वही उघडून तास तासभर दाखवत बसते. आणि तुम्ही स्वतः नमुने बसवत असाल तर तुमची खाडाखोडीची पानं फेकू नका, पानावर तारीख घाला. काकूंना त्या हळदीच्या डागाच्या पानानेच तारलं.

त्या विक्रेतीचा नंबर बंद आहे. दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या एका मैत्रिणीला वेगळ्या नावाने मेसेज आला, 'माझी स्वतःची महिरप डिझाइन आहे.' मैत्रिणीने फोटो मला पाठवला. महिरप दुसरी, मोरांची. ताट वाढलेलं, आणि लोणचं उजवीकडे.