कृष्णाकाठच्या वांग्याचं बी : एकत्र धरावं की झाडागणिक वेगळं?

सांगलीत कृष्णाकाठचं वांगं म्हटलं की गिऱ्हाईक दर विचारायच्या आधी पिशवी पुढं करतं. पण घरचं बी धरणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मळीच्या रानात आता एकाच सरीत चार तऱ्हा दिसतात. एका झाडाच्या देठाला काटे, दुसऱ्याला नाहीत. एकाचं फळ गोल, शेजारचं लांबट. हे बी सुधारायचं म्हणाल तर दोन वाटा आहेत. चांगली झाडं निवडून त्यांचं बी एकत्र करायचं, ही समूह निवड. किंवा प्रत्येक निवडलेल्या झाडाचं बी वेगळ्या पुडीत ठेवून पुढच्या हंगामात त्याची वेगळी ओळ लावायची, ही एकझाड निवड.

समूह निवड सोपी आहे आणि रंग, आकार, काटे असल्या डोळ्यांना दिसणाऱ्या गुणांसाठी पुरेशी आहे. हे गुण बऱ्यापैकी जसेच्या तसे पुढच्या पिढीत उतरतात. चारशे झाडांतली चाळीस धरली, तर दोन-तीन हंगामांत माल एकसारखा दिसू लागतो, आणि आत थोडी विविधताही राहते. एखाद्या वर्षी पाऊस लांबला किंवा रोग आला तर तिचा आधार असतो.

उत्पन्नाच्या बाबतीत मात्र ही वाट फसवते. पाटाच्या कडेचं, शेणखताच्या ढिगाजवळचं झाड लगडतंच. तो गुण बियाचा नसून जागेचा असतो. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ योहानसेन यांनी 1903 मध्ये नेमकं हेच घेवड्याच्या बियांवर दाखवलं. एकाच शुद्ध वंशातलं, म्हणजे स्वतःच्याच परागावर वाढलेल्या एकाच झाडाच्या संततीतलं, जड बी पेरा की हलकं, पुढच्या पिढीची सरासरी तीच राहते. म्हणून समूह निवड करायचीच असेल, तर सगळ्या रानातून एकदम झाडं निवडू नका. रानाचे चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनातली सरस झाडं घ्या.

एकझाड निवडीत ही फसवणूक ओळीतच उघडी पडते. दहा झाडांच्या दहा ओळी, प्रत्येकी वीस रोपं. आईझाड कितीही देखणं असो, लेकरं मरगळलेली निघाली की ती ओळ बाद. आमच्याकडं सगळ्यात लगडलेल्या झाडाचीच ओळ पहिल्यांदा बाद झाली. मन मानत नव्हतं, पण तोड्यागणिक वजनं वहीत लिहिली होती. याला पाच-सहा हंगाम लागतात, आणि वही चुकली की सगळं चुकलं.

दोन्ही वाटांवर एक धोका सारखाच. वांग्याच्या फुलात नर-मादी दोन्ही असतात, त्यामुळं बरीचशी फळं स्वतःच्याच परागावर धरतात; पण सगळी नाही. परागकोशाला टोकाशी बारीक भोकं असतात. भुंगा फुलाला लटकून थरथरतो, तसा त्यातून पिवळा पराग झडतो, आणि तोच भुंगा शेजारच्या संकरित वांग्यावरूनही आलेला असतो. आमचं एक वर्षाचं बी असंच गेलं. पुढच्या हंगामात निम्मी झाडं लांब, जांभळ्या फळांची निघाली. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या वाणापासून 100 मीटर अंतर लागतं, आणि ज्यातून प्रमाणित बी वाढवतात त्या पायाभूत बियाण्यासाठी 200 मीटर. बांधाला बांध असलेल्या रानात ते कुठून आणणार? मग उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी कळीवर मलमलची पिशवी बांधायची. फुलाच्या मधली मादी दांडी लांब किंवा मध्यम असलेलं फूल निवडा, आखूड दांडीचं फूल फळ धरत नाही. ही मेहनत दहा झाडांवर जमते, चाळीसवर जमत नाही.

म्हणून माझं मत असं. रान सुटं असेल, माल आठवडी बाजारात जात असेल आणि चव हीच ओळख असेल, तर समूह निवड करा. उत्पन्न वाढवायचं असेल किंवा शेजारी संकरित वांगं असेल, तर एकझाड निवडच. पुसा पर्पल लाँग हा नावाजलेला वाणसुद्धा बटिया या पंजाबातल्या स्थानिक वांग्यातून निवडूनच आलाय. मी स्वतः शेवटी तीन-चार सरस ओळींचं बी एकत्र करतो. एकाच ओळीवर सगळं रान सोपवायला माझा जीव धजत नाही.

कुठलीही वाट धरा, टोपलीतलं देखणं फळ बघून बी धरू नका, उभं झाड बघा. निवडलेल्या झाडाला लाल दोरा बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर बियाचं वांगं भाजीत जातं. फळ झाडावरच पिवळं पडू द्या, पाण्यात कुस्करा, तळाशी बसलेलं बी सावलीत वाळवा. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानं ते राखायचा, वाटायचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकायचा हक्क शेतकऱ्याला आहे.