१४४१६ : मामाने केलेला एक फोन आणि पुढचे दहा महिने

टेलि-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ती सुरू झाली. बंगळुरूची निमहान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिची सूत्रे सांभाळते आणि १४४१६ हा पाच आकडी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. वीस भाषांत बोलण्याची सोय असून त्यांत मराठी आहे. या क्रमांकावर मी फोन केला तो माझ्या भाच्यासाठी, आणि त्याला आता दहा महिने झाले. फोन ठेवल्या ठेवल्या मत देणे सोपे होते. पण अशा सेवेची परीक्षा पुढे घरात काय घडते यावरच होत असल्यामुळे मी मुद्दाम थांबलो होतो.

भाचा वीस वर्षांचा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तो परत गेलाच नाही. आधी रात्रीची झोप गेली. मग मोबाइलच्या कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी आली, खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे आले आणि ताईच्या हातचे जेवण बंद झाले. तो उपाशी मात्र राहत नव्हता. केळी, न सोललेली संत्री आणि स्वतः उकडलेली अंडी एवढ्यावर तो दिवस काढी. पोराने व्यायामशाळेचे काही पथ्य धरले असावे, अशी ताईची महिनाभर समजूत होती. ज्याला साल किंवा कवच आहे, म्हणजेच ज्यात कोणी काही कालवू शकणार नाही, तेवढेच तो खातो आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

या काळात आम्ही काहीच केले नाही असे नाही. एका डॉक्टरांनी शक्तिवर्धक गोळ्या आणि झोपेचे औषध दिले. दाजींच्या थोरल्या भावाने एका देवर्षीकडे नेले. त्याने अंगारा आणि नारळ देऊन तीन अमावास्या सांगितल्या. मारहाण वगैरे काही केली नाही, एवढे नशीब. (भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.) तीन अमावास्या म्हणजे जवळजवळ तीन महिने, आणि आमचे एकूण पाच महिने असेच गेले. मग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, लसीकरणाच्या वेळापत्रकाशेजारी, मला हा क्रमांक दिसला.

फोन केला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभा होतो. मराठीची निवड केल्यानंतर एका समुपदेशक बाई बोलू लागल्या. रुग्ण स्वतः बोलणार नाही, मी त्याचा मामा बोलतो आहे, हे त्यांना अजिबात वावगे वाटले नाही. वय, झोप, खाणे, नशापाणी, घरात पूर्वी कोणाला असा त्रास होता का, त्याला आवाज ऐकू येतात का, असे त्या क्रमाने विचारत गेल्या. त्यानंतर त्यांनी जो प्रश्न विचारला त्यासाठी मी या सेवेला सर्वाधिक गुण देईन. ‘तुमची शेती आहे का, आणि फवारणीचे औषध घरात कुठे ठेवता?’ ते जिन्याखालच्या कोनाड्यात होते, उघड्यावर, दोन डबे. तो आत्महत्येचे बोलत नाही असे मी म्हटल्यावर, बोलत नसला तरी डबे आजच्या आज घराबाहेर हलवा, असे त्यांनी शांतपणे पण ठामपणे सांगितले. त्या रात्री साडेबारा वाजता दाजींनी दोन्ही डबे शेजाऱ्यांच्या गोठ्यात कुलपात ठेवले.

दुसरा सल्ला भांडणाबद्दल होता. तुझ्या जेवणात कोणी विष घालत नाही, हे पटवून देण्यात ताईचे पाच महिने आणि सगळा आवाज खर्ची पडला होता. बाईंचे म्हणणे असे की संशय खरा की खोटा याचा निकाल लावत बसू नये आणि त्याला दुजोराही देऊ नये; त्याला भीती वाटते आहे एवढे मात्र मनापासून मान्य करावे आणि झोप येत नाही या तक्रारीचा धागा धरून डॉक्टरांकडे न्यावे, कारण झोपेचा त्रास त्यालाही नको असतो. एका नातेवाइकांनी औषध वरणात मिसळून देण्याची युक्ती सुचवली होती, तीही मी त्यांच्यापुढे ठेवली. ते करू नका, असे त्या म्हणाल्या; तो ज्याला घाबरतो आहे तेच तुम्ही त्याच्या ताटात करणार आणि एकदा सापडलात की पुढची कितीतरी वर्षे तो तुमच्या हातचे पाणीही घेणार नाही. इतकी साधी गोष्ट पाच महिन्यांत आम्हाला सुचली नव्हती.

हा फोन सुमारे पस्तीस मिनिटे चालला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली आमच्या जिल्ह्यात कुठे दाखवता येईल ते त्यांनी सांगितले आणि चार दिवसांनी, नेले का हे विचारायला, पुन्हा फोन आला. त्या दुसऱ्या फोनचा आम्हाला उपयोग झाला तो निराळाच: कोणीतरी विचारणार आहे या धाकाने दाजींनी दुकान बंद ठेवून जाण्याचा दिवस ठरवला होता.

मर्यादा सांगायच्या तर पहिली अशी की ही सेवा माणसाला दारापर्यंत आणून सोडते. समुपदेशकाला औषध लिहून देता येत नाही. तज्ज्ञाशी जोडून देण्याची व्यवस्था आहे, पण घरात कोणी हिंसक झाले असेल किंवा कोणी काही प्यायले असेल तर १०८ किंवा ११२ हेच क्रमांक फिरवावे लागतात. दाराच्या पलीकडचे आमचे अनुभव फारसे सुखाचे नव्हते. आम्ही ज्या सरकारी रुग्णालयात गेलो तिथे मनोविकारांची ओपीडी आठवड्यातून ठरावीक दिवशीच असे आणि पहिल्या खेपेला डॉक्टर रजेवर असल्याचे आम्हाला दोन तास रांगेत उभे राहिल्यावर कळले. संशयाने पछाडलेल्या मुलाला अनोळखी गर्दीत दोन तास उभे करणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. दुसऱ्या खेपेला भेटलेले डॉक्टर मात्र उत्तम होते. त्यांनी कागदावर आजाराचे मोठे नाव लिहिले नाही. सायकोसिसचा, म्हणजे खऱ्या-खोट्याचे भान सुटण्याचा, पहिला झटका आहे, एवढेच सांगितले. औषधाचा पुरता परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, वजन आणि साखर तपासत राहावी लागेल, आणि बरे वाटले तरी साधारण वर्ष-दोन वर्षे औषध चालू ठेवावे लागेल, हे त्यांनी भाच्याला समोर बसवून, त्याच्याकडे पाहून सांगितले.

पहिल्या लक्षणापासून उपचारापर्यंत जाणारा काळ जितका लांबतो तितके सावरणे अवघड होत जाते, हे मला नंतर वाचून कळले. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये मनोविकारतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली तरुणांच्या पहिल्याच झटक्यासाठी स्वतंत्र केंद्र काढले ते याच कारणासाठी, आणि आपल्याकडे स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकारावर काम करणाऱ्या चेन्नईच्या स्कार्फ संस्थेने (स्थापना १९८४) या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे. आमचे पाच महिने या हिशेबात फार थोडे नाहीत आणि फार जास्तही नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात शंभरातल्या दहा-अकरा प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार आढळला आणि बहुतेक विकारांत उपचारांपर्यंत न पोचलेल्यांचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर निघाले. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता; पण आमच्या घराकडे पाहता इथले चित्र फार निराळे असेल असे मला वाटत नाही.

दुसरी मर्यादा प्रसिद्धीची. माझ्या पाहण्यात आलेल्या जाहिराती आणि भित्तिपत्रके ताण, परीक्षा, उदासी यांच्याबद्दल बोलतात, आणि ते योग्यच आहे. मात्र मोबाइलच्या कॅमेऱ्याला पट्टी लावणारा, अंडी स्वतः उकडून खाणारा मुलगा त्या चित्रांत कुठेच नसतो. त्यामुळे आपल्या घरात जे चालले आहे त्यासाठीही हाच क्रमांक आहे, हे घरच्यांना उमगत नाही. मलाही ते उमगले नव्हते. दुसरे काही उरले नाही म्हणून मी तो फिरवला.

तिसरी गोष्ट म्हणजे औषध सुरू झाल्यानंतरचा लांबलचक काळ, ज्याच्यासाठी फोन पुरत नाही. तिसऱ्या महिन्यात संशय ओसरला तेव्हा आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो, पण त्याच सुमारास तो दिवसचे दिवस पडून राहू लागला. दात घासण्यासाठी उठणे हेही त्याला डोंगराएवढे काम वाटे आणि दाजी त्याला आळशी म्हणत. हाही आजाराचाच भाग असू शकतो, हे आम्हाला समजले ते काळजीवाहकांच्या बैठकीत. अशा मदतगटांत रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. कॅनडातल्या कॅल्गरीत राहणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली पुण्यात स्थापन केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या वर्तुळातही हेच शब्द रूढ आहेत. शब्द ऐकून मी आधी मनातल्या मनात हसलो होतो. फारच गोड वाटले होते. पण ‘पेशंट’ हा शब्द घरातून गेल्यावर दाजींचा आवाज खाली आला, हे मी स्वतः पाहिले आहे.

आज भाचा दाजींच्या दुकानात सकाळी तीन तास बसतो, जीएसटीची बिले संगणकावर भरतो आणि रात्रीची गोळी स्वतः घेतो. कॉलेजचे अजून ठरलेले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत साथ देणारा माणूस, निवडण्याचा हक्क त्याला आहे. तो मी व्हावे असे त्याने साध्या कागदावर लिहून सही करून दिले आहे. ताईने केलेले पिठले तो पातेल्यातून स्वतः वाढून घेतो.

हा मजकूर प्रसिद्ध करण्यापूर्वी मी त्याला वाचून दाखवला. फवारणीच्या डब्यांच्या परिच्छेदापाशी तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला की सगळे बरोबर आहे, फक्त एक गोष्ट लिहायची राहिली: ‘मामा, त्या रात्री तुम्ही फोन माझ्या हातात दिला असता, तर मी तो विहिरीत टाकला असता.’ म्हणून ज्यांच्या घरी असे काही सुरू झाले आहे त्यांना माझी विनंती अशी की फोन तुम्ही करा, गच्चीवर जाऊन करा, आणि जाताना एका कागदावर तारखा लिहून न्या. झोप केव्हा गेली, जेवण केव्हा सुटले, हे समुपदेशक विचारतातच.