टॉवेल-चादरीच्या धंद्यातल्या माणसानं मेल कशात उघडावा: जीमेल, थंडरबर्ड का आउटलूक

परवा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या टॉवेलवाल्या पोरानं विचारलं, काका, नवीन पीसी घेतलाय, मेल आउटलूकमध्ये टाकू का ब्राउजरमध्येच राहू दे? मी म्हटलं, आधी हे सांग, तुझे मेल आत्ता आहेत कुठं, सर्व्हरवर (म्हणजे मेल देणाऱ्या कंपनीच्या मशीनवर) का जुन्या पीसीत? त्याला सांगता येईना. बऱ्याच जणांना सांगता येत नाही, आणि प्रोग्रॅम कुठला घ्यायचा ह्याच्या आधी हेच बघायला पाहिजे.

आमच्या घरचंच सांगतो. भावाचा पूर्व भागात छोटा कारखाना आहे. कंपनीच्या नावाचा, डोमेनवाला मेल होता, तो ज्यानं सेट करून दिला त्यानं पीओपीवर (मेल पीसीत उतरवून घ्यायची पद्धत) लावला आणि 'सर्व्हरवर कॉपी ठेवा'वर टिक केलीच नाही. म्हणजे मेल आला की पीसीत उतरायचा आणि सर्व्हरवरनं जायचा. भाऊ मोबाईलवर बघायचा तर इनबॉक्स रिकामा, त्याला वाटायचं मोबाईललाच काहीतरी झालंय. दोन वर्षं असंच चाललं आणि मग ऐन मे महिन्यात हार्ड डिस्क गेली. दोन वर्षांच्या ऑर्डरी, शेडकार्डचे फोटो, कुठल्या पार्टीला किती जीएसएमचा (म्हणजे किती जाड वजनाचा) टॉवेल कुठल्या रेटनं कबूल केला होता, सगळं गेलं. पार्टीला फोन करून 'तुम्हीच पाठवलेले मेल परत पाठवा की' म्हणायला लागलं, त्या दिवशी भाऊ जेवला नाही.

म्हणून मेल आयमॅपवरच लावा. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर राहतो, पीसी आणि मोबाईल दोन्हीकडं तेच दिसतं, एकीकडं वाचला की दुसरीकडंही वाचलेला. पण एक लक्षात ठेवा, एकीकडं डिलीट केला तर सगळीकडनं जातो, म्हणजे आयमॅप म्हणजे बॅकअप नाही.

आता तिघांचं बघू.

जीमेल ब्राउजरमध्ये वापरणं सगळ्यात सोपं. काही इन्स्टॉल करायचं नाही, पीसी बदलला तरी फरक पडत नाही, सर्चमध्ये पार्टीचं नाव टाकलं की पाच वर्षांपूर्वीचा मेलसुद्धा सापडतो. अडचण जागेची. १५ जीबी फुकट मिळतात पण त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आलं, आणि मोबाईलवर फोटोचा बॅकअप चालू असला की घरच्या लग्नाचे व्हिडिओच सगळी जागा खातात आणि मग ऑर्डरचा मेल यायचा बंद होतो, पाठवणाऱ्याला परत जातो आणि तुम्हाला पत्ताच नसतो. मेल येत नसला की पहिल्यांदा जागा बघा. सर्चमध्ये larger:10M असं टाकलं की मोठे मेल वर येतात, ते काढा आणि ट्रॅशही रिकामा करा, नाहीतर तिथं ३० दिवस पडून राहतात आणि तोवर जागा मोकळी होत नाही. नेट गेल्यावरही मेल बघायचे असतील तर क्रोममध्ये सेटिंगला जाऊन ऑफलाइन चालू करता येतं, जास्तीत जास्त ९० दिवसांचे मेल राहतात.

थंडरबर्ड मोझिलाचा, फुकट, २००४ पासून चालत आलाय. मला स्वतःला हाच आवडतो, कारण एकाच खिडकीत डोमेनचा मेल, जीमेल, अकाउंटंटला दिलेला मेल असे तीन-चार खाते उघडे राहतात आणि सगळ्याची कॉपी पीसीतही राहते. प्रोफाइलचा फोल्डर (थंडरबर्ड मेल ज्यात ठेवतो तो) महिन्यातनं एकदा पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर टाकला की खरा बॅकअप झाला (कॉपी करताना थंडरबर्ड बंद ठेवा). दिसायला जरा जुनाट वाटतो आणि पहिले दोन दिवस पोरं कुरकुर करतात, पण जुन्या ४ जीबी रॅमच्या पीसीवरही काम निघतं. फोल्डरमधनं भरपूर मेल काढूनही डिस्क भरलेलीच दिसत असेल तर फोल्डरवर राइट क्लिक करून कॉम्पॅक्ट करा, त्याशिवाय जागा सुटत नाही.

आउटलूकचं नीट समजून घ्या, कारण त्या नावाचे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. एक जुना, ऑफिसच्या पॅकेजमधला, पैसे देऊन घ्यायचा. दुसरा नवा, विंडोजसोबत फुकट येणारा, त्यात जाहिराती दिसतात आणि जीमेलसारखं बाहेरचं खातं जोडलं तर मेलची कॉपी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही जाते. विंडोजचं जुनं मेल ॲप २०२४ च्या शेवटी बंद झालं, ते वापरणारे बरेच जण आपोआप ह्या नव्यावर आलेत. जुना आउटलूक कॅलेंडर, मीटिंग, मोठ्या कंपनीसोबत रोजचा व्यवहार ह्याला एक नंबर. पण त्याच्या पीएसटी फाइलची, म्हणजे पीसीत मेल साठवणाऱ्या फाइलची, काळजी घ्यावी लागते. लाइट गेली आणि पीसी धाडकन बंद झाला की ती फाइल खराब होऊ शकते, मग स्कॅनपीएसटी नावाचं रिपेअर टूल चालवावं लागतं. यूपीएस नसेल तर पीएसटीवर धंदा ठेवू नका. अजून एक, समोरच्याला तुमच्या डिझाईनच्या ऐवजी विनमेल डॉट डॅट नावाची न उघडणारी फाइल जात असेल तर दोष आउटलूकच्या रिच टेक्स्टचा असतो, फॉरमॅट एचटीएमएल करा, काम झालं.

बाकी रोजची दुखणी तिन्हीकडं सारखीच. पासवर्ड बरोबर असूनही थंडरबर्डमध्ये जीमेल 'चुकीचा पासवर्ड' म्हणत असेल तर खात्याच्या सेटिंगला ऑथेंटिकेशनमध्ये ओऑथ२ (गूगलच्याच पानावर लॉगिन करायची पद्धत) निवडा, कारण नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेणं गूगलनं २०२२ मध्ये साध्या खात्यांना बंद केलं. मेल येतोय पण जात नाही, आउटबॉक्समध्येच अडकतोय, तर मेल पाठवायच्या सेटिंगमधला पोर्टचा नंबर बघा, २५ असेल तर ५८७ किंवा ४६५ करा. अटॅचमेंटचं गणितही फसवं असतं, पाठवताना फाइल साधारण एक तृतीयांशानं फुगते, म्हणून सर्व्हरची मर्यादा २० एमबी असेल तर १५ च्या वरचं जातच नाही. चादरीच्या डिझाईनच्या मोठ्या फाइली ड्राइव्हवर टाकून लिंक द्या.

आणि हे मी स्वतः बघितलंय: एका दुकानात रोज सकाळी मेल उघडताना सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या ओळखपत्राची, ज्याला मुदत असते) एरर यायची, दोन जणांनी येऊन विंडोज परत टाकलं तरी तेच. मी गेलो, कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं तर तारीख २०१५ ची. रात्री मेन स्विच बंद करायचे आणि मदरबोर्डवरचा बटनासारखा सेल संपलेला. सेल बदलला, तारीख लावली, एरर गेली.

डोमेनचा मेल पार्टीच्या स्पॅममध्ये जात असेल तर त्याला प्रोग्रॅम बदलून काही होत नाही. होस्टिंगवाल्याला सांगून एसपीएफ आणि डीकिम (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे दाखवणाऱ्या नोंदी) लावून घ्या, २०२४ पासून जीमेल ह्या बाबतीत कडक झालंय.

तर त्या पोराला मी काय सांगितलं? ऑफिसच्या पीसीवर थंडरबर्ड, मोबाईलवर जीमेलचं ॲप, दोन्ही आयमॅपवर. एकच जीमेल असेल आणि बसणारा एकटाच असेल तर ब्राउजर पुरे, उगाच काही टाकू नको. ऑफिसचं पॅकेज आधीच विकत घेतलंय आणि यूपीएस आहे तर जुना आउटलूक चालेल. नव्या आउटलूकवर धंद्याचे मेल मी तरी ठेवणार नाही.

आणि जुना पीसी अजून कुणाला देऊ नको म्हटलं. आधी त्यातला मेल उघडून खात्यात पीओपी लिहिलंय का बघ, असेल तर मलाच फोन कर, रविवारी येऊन सगळे मेल सर्व्हरवर चढवून देतो.