‘टन’ आणि ‘बी’: इंग्लंडच्या खेड्यांची दोन शेपटं

इंग्लंडच्या नकाशावर गावाच्या नावाचं शेपूट आधी वाचावं. ‘टन’ दिसलं की अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या काळचा इंग्रज शेतकरी आठवावा. जुन्या इंग्रजीतला ‘तून’ म्हणजे मुळात कुंपण, मग कुंपणातली वाडी, शेवटी गाव; ‘टाउन’ त्यातूनच आला. नावं सरळसोट: नॉर्टन उत्तरेचं, सटन दक्षिणेचं.

‘बी’ मात्र डेन्मार्ककडून आलेल्या डेन लोकांचं. त्यांची मोठी फौज ८६५ मध्ये उतरली आणि ८७६ मध्ये उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रिया राज्याच्या जमिनी वाटून घेऊन नांगराला लागली. त्यांच्या भाषेत ‘बी’ म्हणजे वस्ती. ग्रिम्सबी ही ग्रिमची वस्ती. डर्बीचं जुनं नाव नॉर्थवर्दी. डेन आले आणि ते ‘हरणांची वाडी’ झालं.

इतिहास शोधायचा असेल तर मी ‘बी’च निवडेन. ‘टन’ जवळजवळ सगळ्या इंग्लंडभर विखुरलेलं, त्यावरून फारसं हाती लागत नाही. ‘बी’ची गावं मात्र बहुतेक वॉटलिंग स्ट्रीट या जुन्या रोमन रस्त्याच्या ईशान्येलाच दाटलेली, डेन सत्तेची हद्द नावांतच दिसते.

आणि ग्रिमस्टन? मालकाचं नाव डेन, शेपूट इंग्रजी. दोन्ही भाषा एकाच बांधावर नांदल्या, हे या एका नावात दिसतं. मला ते फार आवडतं.