मूळ भाग, जुना साठा की प्रतिकृती? परीक्षकांपुढे जाणाऱ्या गाडीसाठी सुट्या भागांची निवड

प्रदर्शनात परीक्षकांपुढे ठेवायच्या जुन्या गाडीचे रिस्टोरेशन, म्हणजे तिला मूळ रूपात आणण्याचे काम, हाती घेतले, की प्रत्येक खराब भागापाशी तीन वाटा फुटतात: तोच मूळ भाग दुरुस्त करून बसवायचा, त्या काळी कारखान्याने तयार केलेला पण कधीच न वापरलेला, जुन्या साठ्यातला भाग शोधायचा, किंवा आज नव्याने घडवलेला रिप्रॉडक्शन भाग विकत घ्यायचा. यांपैकी कोणतीही एक वाट सरसकट श्रेष्ठ मानणे माझ्या मते चुकीचे आहे. गाडी कोणत्या नियमांनी तपासली जाणार आणि तो भाग गाडीत नेमके काय काम करतो, यावर निवड ठरायला हवी.

नियमांतला फरक मोठा आहे. अँटिक ऑटोमोबिल क्लब ऑफ अमेरिका ४०० गुणांच्या मोजपट्टीने गाडी तपासतो आणि विक्रेत्याने ग्राहकाच्या ताब्यात देण्यासाठी जशी गाडी तयार केली असती, ती अवस्था प्रमाण मानतो. त्यामुळे दिसण्यात, घडणीत आणि मालात मूळ भागाशी जुळणारा नवा भाग तिथे सहसा अडत नाही. शेवरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारसाठी १९७४ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीची तपासणी याहून बारीक असते. तिथे मौलिकता आणि स्थिती यांचे गुण वेगवेगळे दिले जातात, ‘टॉप फ्लाइट’ या सर्वोच्च श्रेणीसाठी किमान ९४ टक्के गुण लागतात, आणि कारखान्यातून निघत असे त्यापेक्षा अधिक गुळगुळीत व चकचकीत रंगकामही त्रुटीत धरले जाते. जतन केलेल्या गाड्यांचे वर्ग आणखी वेगळे. कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या प्रसिद्ध जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात २००१ पासून असे वर्ग आहेत, आणि त्यांत झिजलेले पण मूळचे आसन नव्या कोऱ्या आसनापेक्षा मोलाचे ठरते. म्हणून भागांची मागणी नोंदवण्याआधी आपल्या वर्गाची नियमपुस्तिका अक्षरशः ओळीओळीने वाचावी.

ज्या भागांवर तारीख किंवा क्रमांक ओतलेला वा ठोकलेला असतो, तिथे मूळ भाग दुरुस्त करण्याला तोड नाही. जनरल मोटर्सच्या इंजिन ब्लॉकवर ‘सी १४ ७’ असे आढळले, तर तो ब्लॉक ७ आकड्याने संपणाऱ्या वर्षी १४ मार्चला (‘सी’ म्हणजे तिसरा महिना) ओतला गेला, असे परीक्षक तत्काळ वाचतो. मग ही तारीख गाडी जोडली गेली त्याच्या आधीची आणि पटण्याइतकी जवळची आहे का, हे तो पाहतो. असा भाग खर्चिक वेल्डिंग करून का होईना, वाचवावा. क्रमांक नव्याने ठोकून किंवा ओळखपट्टी नव्याने बनवून ‘जुळते क्रमांक’ (म्हणजे भाग त्याच गाडीचे मूळचे असल्याचे) दाखवणे हे रिस्टोरेशनच नाही. ती पुढच्या खरेदीदाराची फसवणूक आहे, आणि ओळख क्रमांकाशी छेडछाड अनेक देशांत गुन्हाही आहे.

न वापरलेल्या जुन्या साठ्याभोवती मोठे वलय आहे आणि किंमतही त्याच मापाने चढते, पण खोक्यावरचे कंपनीचे लेबल पाहून खात्री धरू नये. असे अनेक भाग गाडीच्या उत्पादनानंतर, केवळ सुटे भाग म्हणून बनवले गेले. त्यांत फेंडरवरची (चाकावरच्या पत्र्यावरची) भोके, कडांची घडण, बोधचिन्ह किंवा भाग क्रमांक मूळ जोडणीतल्या भागापेक्षा वेगळे असू शकतात. त्या वेळी कंपनीने दिलेला असूनही तो भाग त्या गाडीसाठी अचूक नसतो, आणि जाणकार परीक्षक तसे गुण कापतो. रबराच्या बाबतीत तर जुना साठा टाळलेलाच बरा. कपाटात राहूनही रबर कडक होते, टायरला चिरा जातात, आणि जुन्या पेट्रोल पंपाचा पडदा आजच्या इथेनॉलमिश्रित इंधनात टिकेलच असे नाही.

रिप्रॉडक्शन भागांत प्रतीची तफावत सर्वाधिक आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८ मध्ये एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे संपूर्ण सांगाडे मूळच्याच साच्यांवर पुन्हा काढले. अशा भागाची आणि कुणी नमुना समोर ठेवून नव्या साच्यात दाबलेल्या पत्र्याची बरोबरी होत नाही. फरक पाहायचा तर पत्रा तिरप्या उजेडात धरावा: मूळ पत्र्यावरची घडी धारदार आणि सरळ असते, तर हलक्या प्रतिकृतीत तीच घडी बोथट, क्वचित लहरत गेलेली दिसते. दाराचे नवे रबर अनेकदा गरजेपेक्षा घट्ट निघते आणि उत्तम जुळवलेले दारही बाहेर राहते. लहान गोष्टी तर हमखास पकडल्या जातात: मूळ स्प्रिंग क्लिपच्या जागी पाइपावर बसवलेली स्क्रूची क्लिप, डोक्यावर त्या काळच्या उत्पादकाची अक्षरे नसलेला बोल्ट, काचेवर नसलेला किंवा गाडीच्या काळाशी न जुळणारा तारीख संकेत.

तरीही वायरिंग, ब्रेकचे होज, सील आणि टायर या ठिकाणी मी नि:संकोचपणे नव्याची बाजू घेतो. वायरीवरचे तडे गेलेले वेष्टण आग लावू शकते, आणि मूळच्याच रंगांच्या वायरी, तसलेच कापडी विणकाम व तशीच टोके असलेला नवा हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) परीक्षकालाही समाधान देतो. टायर मात्र जपून निवडावेत, कारण जुन्या नक्षीच्या नव्या बायस-प्लाय (तिरप्या धाग्यांच्या थरांच्या, जुन्या पद्धतीच्या) टायरवरही आजच्या नियमांनुसार अमेरिकी वाहतूक खात्याची ‘डीओटी’ ही अक्षरे असतात, जी पूर्वीच्या टायरवर नव्हती. वर्गाचे नियम त्याकडे कसे पाहतात हे आधीच विचारून घ्यावे.

इथे एक खरा पेच आहे. प्रदर्शनात प्रतिकृती ओळखू न येणे हे तिचे यश, तर जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या फिवाच्या तूरीन सनदेचा आग्रह असा की बदललेले भाग कायमस्वरूपी पण नजरेत न भरणाऱ्या खुणेने ओळखता यावेत. मला सनदेची भूमिका अधिक रास्त वाटते. भागाच्या आतल्या बाजूला छोटी खूण कोरावी आणि बदलाची छायाचित्रांसह नोंद ठेवावी. गाडीच्या दिसण्यात त्याने काहीच उणे होत नाही.

खरेदी करताना नवा भाग रंग किंवा क्रोम चढवण्याआधी गाडीवर बसवून पाहावा, कारण नंतर घासावा लागला तर तो परतही जात नाही. आणि जुना भाग जमा केल्यास किमतीत सूट मिळत असली, तरी नवा भाग अचूक बसून परीक्षण पार पडेपर्यंत जुना भाग हातचा जाऊ देऊ नये.