इंडिकाची पिकअप करून घेतली, आठ महिने वापरली, तिचा खरा अनुभव

आधीच सांगतो, ही गाडी रोडवर चालवायला केलेली नाही. आमच्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या घरी, स्वतःच्या रानात फिरवायला केलेलीय. ज्याला मोंढ्यात माल न्यायला, भाडं मारायला पिकअप पाहिजे त्यानं हे वाचून कुठल्या गॅरेजात जाऊ नये, कामून ते खाली लिहितोच.

आम्ही वसमत तालुक्यातले. हळद, सोयाबीन, थोडा ऊस. घर गावात नाही, रानातच आहे. विहीर एका टोकाला अन् हळद शिजवायचा कुकर, वाळवायची जागा दुसऱ्या टोकाला, मधी आमचाच बांधाबांधानं गेलेला रस्ता. बैलं होती तोवर काही वाटलं नाही, बैलं विकल्यावर मात्र दोन पोती खत इकडून तिकडं न्यायचं म्हणलं तरी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडा, डिझेल जाळा, अन् ट्रॅक्टर नेमका दुसरीकडं पाळी घालायला गेलेला असला की पोती डोक्यावर.

दारात अण्णांची २००६ ची डिझेल इंडिका उभी होती. नोंदणीची पंधरा वर्षं संपलेली, फिटनेस करून परत पासिंग करायचं तर बॉडीचा खर्च गाडीपेक्षा जास्त. भंगारवाला २८ हजार म्हणला. अण्णा म्हणले, इंजिन अजून एका सेल्फला चालू होतंय, चालू इंजिन भंगारात देत नसतेत. तिथून मग हे डोक्यात आलं की मागचं कापून हौदा करू.

तीन ठिकाणी गेलो. पहिल्यानं गाडी न बघताच सांगितलं, पंधरा हजार, चार दिवस, छत कापू, मागं पत्रा मारू, झालं. दुसरा म्हणला कटिंग मी करतो, वेल्डिंगवाला तुम्ही आणा. तिसरे परभणीला जिंतूर रोडच्या बाजूला एक चाचा आहेत, ट्रक-टेम्पोच्या बॉड्या बांधायचं जुनं काम, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, किती किलो घालणार? मी म्हणलं सहाशे-सातशे तरी जावं. त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. म्हणले, एवढं न्यायचं असलं तर छोटा हाथी, म्हणजे टाटाची एस घ्या, जुना मिळतो, तो त्याच कामासाठी बनवलाय.

मग त्यांनी एक गोष्ट करून दाखवली ती मी आयुष्यभर विसरणार नाही. गोडतेलाचे दोन रिकामे पंधरा किलोचे डबे घेतले, एक अख्खा, एकाचं वरचं झाकण पूर्ण कापलेलं. म्हणले, दोन्ही हातानं पिळून बघा. अख्खा डबा हलेना, अन् कापलेला नुसता मनगटाच्या जोरावर वाकडातिकडा झाला. म्हणले ही तुमची इंडिका. ट्रकला खाली चासी असते, लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या, वरचं सगळं काढून फेकलं तरी ट्रक उभा राहतो. पण कारला वेगळी चासी नाही, फरशी, खांब, छत, मागची चौकट सगळं मिळून डबा, तो डबाच चासी. छत कापलं की पाठीचा कणाच काढला.

त्या दिवशी मला कळालं की काम कटिंगचं नाहीच. कटिंग ग्राइंडरनं एका सकाळीत होतं. काम आहे ते कापायच्या आधी खालून काय घालता त्याचं.

त्यांनी कसं केलं ते नीट लिहितो, कुणाला गॅरेज पारखायला कामाला येईल. सगळ्यात आधी डिझेलची टाकी खाली उतरवली, बॅटरी काढून बाजूला ठेवली. वेल्डिंगच्या करंटनं अल्टरनेटर जातो अन् टाकीत नुसती वाफ असली तरी धोका असतो, हे मला सांगावं लागलं नाही, त्यांच्या पोरानं आपोआप केलं. मग गाडी सपाट कोब्यावर चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर घेतली, चारी बाजूनं लेव्हल लावली, पुढची दारं बंद करून घेतली. खालून दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांना लागून दोन इंची चौकोनी पाईप, तीन एमएमचा, पुढच्या सीटखालून थेट मागच्या बंपरपर्यंत, अन् त्याला तीन आडवे पाईप. ड्रायव्हरच्या पाठीमागं दोन्ही खांबांना धरून एक कमान, खाली त्याच पाईपांना जोडलेली, म्हणजे छताचं काम थोडंफार त्या कमानीनं करावं. हे सगळं जागेवर बसून गार झाल्यावर मग छताला कटर लावला.

वेल्डिंग पण बघा. कारचा पत्रा एक एमएमपेक्षाही पातळ असतो, त्याला साधी रॉडची वेल्डिंग लावली की भोक पडतं नाहीतर जळून कडक होतो अन् नंतर तिथंच तडा जातो. ह्यांच्याकडं सीओटू वेल्डिंग आहे, म्हणजे रॉडऐवजी बारीक तारेनं अन् गॅस सोडून करतेत ती. अन् पाईप थेट पत्र्याला चिकटवला नाही, मधी जाड प्लेटा घातल्या, जोर एका रेघेवर न येता पसरावा म्हणून. पहिल्या गॅरेजात मी मुद्दाम विचारलं होतं सीओटू आहे का, तर म्हणला कशाला लागतंय. अशा ठिकाणाहून उठून यावं.

काम झाल्यावर चाचांनी जॅक मागच्या एका चाकापाशी लावला अन् गाडी तेवढ्याच कोपऱ्यावर उचलली. म्हणले आता दोन्ही दारं उघडून लावा. दारं अगदी पहिल्यासारखी लागली. बॉडी पिळत असली तर दार घासतं, कुलूप बसत नाही. तुम्ही कुठूनही असलं काम केलं तर पैसे द्यायच्या आधी हे करून बघा, रंग नंतर बघा.

त्यांनी निघालेलं सगळं, छत, मागची दारं, डिक्कीचं झाकण, सीट, काचा, काट्यावर ठेवून दाखवलं, सव्वाशे किलोच्या आसपास भरलं. घातलेलं लोखंड नव्वद किलो. म्हणजे गाडी थोडी हलकी झाली, पण हे बघून फसायचं नाही, कारण मागचा एक्सल, स्प्रिंगा, ड्रम, टायर सगळं तेच राहिलं. कंपनीनं मागं तीन माणसं अन् डिक्कीत सामान धरून ते बनवलेलं. चाचांचा हिशोब साधा, तीन माणसं अन् त्यांच्या बॅगा, तेवढाच माल. युरियाचं पोतं ४५ किलोचं, डीएपीचं ५०, म्हणजे पाच पोती झाली की बास. मी एकदा हळदीच्या घाईत सात भरली अन् मागची चाकं अशी फाकली की बघवेना. ज्यानं जुन्या इंडिका टॅक्स्या बघितल्यात त्याला माहीत आहे, मागं वजन पडलं की चाकं वरून आत झुकतेत अन् टायर आतल्या कडेनं खाऊन जातो, त्या सस्पेन्शनची बनावटच तशीय. स्प्रिंगांमधी रबर घालून घेतलेत, त्यानं बसणं कमी झालं, पण रबर घातलं म्हणून वजन वाढवता येत नसतं.

आता चालवायचं. इंडिका पुढच्या चाकांवर चालते, अन् माल मागं, म्हणजे जेवढं भराल तेवढी पुढची चाकं हलकी. उन्हाळ्यात काही नाही. पण जूनमधी पहिला पाऊस झाला अन् काळी माती चिकट झाली की विहिरीजवळच्या चढाला पुढची चाकं जागेवर फिरायलीत, गाडी हालंना. ह्यावर दोन गोष्टी लागू पडल्या. एक म्हणजे पोती हौद्याच्या टोकाला न टाकता केबिनच्या भिंतीला टेकून लावायची. दुसरं, तो चढ रिव्हर्समधी चढायचा, तेव्हा वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं अन् गाडी आरामात चढते. लई चिखलात मात्र हिला न्यायचंच नाही, तिथं ट्रॅक्टर.

हौदा आतून साडेचार फूट लांब, साडेतीन फूट रुंद, दोन्हीकडं चाकांचे उंचवटे आत आलेले. खाली चेकर प्लेट, पाणी जायला चार भोकं. ड्रिपच्या लॅटरलची गुंडाळी, पाणबुडी मोटर, दुधाचे कॅन, कडब्याच्या पेंढ्या, शिजवायला नेताना हळदीच्या ओल्या गड्ड्याचे कट्टे, सगळं नेलं. फेब्रुवारी-मार्चला हळदीत रोज वीस-पंचवीस फेऱ्या झाल्या, ट्रॅक्टर मोकळा राहिला, दोन गडी दुसऱ्या कामाला लागले. ह्याच्यासाठी केलं होतं अन् ते झालं. हौद्याची उंची कमरेएवढी आहे, ट्रॉलीसारखं पोतं खांद्यावर उचलावं लागत नाही, आमच्या आईला पण चारा टाकता येतो. हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

आता तक्रारी. पोळ्याच्या आधी देतो म्हणलेली गाडी दिवाळी झाल्यावर मिळाली, मधी तीनदा परभणीला चक्कर, फोन केला की पोरगा म्हणायचा चाचा नमाजला गेलेत. रंग बरा नाही, पुट्टी जाड मारली अन् एका बाजूला आत्ताच फुगायलीय. मागं काचेच्या जागी प्लास्टिकची शीट लावली, तिच्यावर एवढे चरे पडले की आरशात मागचं धूसर दिसतं, खरी गाडीची काच बसवायला पाहिजे होती अन् ती शंका मी त्याच वेळी बोललो होतो. केबिनची मागची भिंत सुरुवातीला नीट सील नव्हती, सायलेन्सरचा धूर आत यायचा, डोकं दुखायला लागलं तेव्हा लक्षात आलं. परत बोलावलं तर चाचा स्वतः आले अन् सगळा जोड सीलंट भरून दिला, पैसे घेतले नाहीत. पण ही चूक जीवाशी येणारी आहे, पहिल्याच दिवशी बघून घ्यायला पाहिजे. अन् फाळका. फाळक्याच्या बिजागऱ्या दरवाजाला लावतेत तसल्या हलक्या वापरल्या, कट्टे ओढून ओढून एक वाकली.

खर्च सांगतो. मजुरी ३४ हजार, लोखंड अन् चेकर प्लेट २१ हजार, रबर, सीलंट, रंग, वायरिंग मिळून ९ हजार. वर गाडी परभणीहून आखाड्यावर ४०७ टेम्पोमधी टाकून आणली ते ४ हजार. ६८ हजार झाले.

टेम्पोत टाकून कामून आणली, चालवत का आणली नाही, हे बरेच जण विचारतेत. कारण कापलेली कार रोडवर चालवणं बेकायदेशीर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या बनावटीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलं, अन् त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही, असं आलंय. सीएनजी किटसारखं मंजूर किट बसवून आरसीवर चढवून घेता येतं, तसं हे नाही. अन् दंडाचं सोडा, उद्या कुणाला धक्का लागला तर इन्शुरन्सवाला काय देणार? मी कापायच्या आधी आरसी जमा करून नोंदणी रद्द करून घेतली, नंबर प्लेटा काढल्या. चाचा पण कागद दाखवल्याशिवाय कटर लावत नाहीत, अन् पहिला गॅरेजवाला म्हणला होता आपल्याकडं कोण विचारतंय, हा फरक आहे.

मनात येतं की कारवरच्या पिकअप आपल्याकडं कंपन्यांनीच फारशा कामून दिल्या नाहीत. ऑस्ट्रेलियात फोर्डनं १९३४ लाच काढली, त्याला ते यूट म्हणतेत, अन् गोष्ट अशी सांगतेत की एका शेतकऱ्याच्या बायकोनं कंपनीला पत्र लिहिलं, रविवारी चर्चला जाता येईल अन् सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी द्या. ब्राझीलमधी फियाटची स्ट्राडा १९९८ पासून आहे, ती पालिओवरून काढलेली, तीच पालिओ जी आपल्याकडं पण विकायची. २०२१ ला ब्राझीलमधी सगळ्यात जास्त खपलेली गाडी स्ट्राडाच होती. पण स्ट्राडात त्यांनी पालिओचं नुसतं छत कापलं नाही, मागं स्प्रिंगांच्या जागी पाटे घातले, मागची बॉडी नव्यानं बनवली. चाचा जे पाईप घालून करतेत तेच ते कारखान्यात मुळापासून करतेत, म्हणून तिच्यावर पासिंग होतं अन् ह्याच्यावर नाही. आपल्याकडं २००५ ला टाटाची एस आली, २०१६ ला मारुतीची सुपर कॅरी, दोन्ही पाऊण टनाच्या आसपास नेतेत अन् कागदासकट. रोडचं काम असलं तर ६८ हजारात आणखी भर घालून जुनी एस बघा, मनापासून सांगतोय.

पण दारात चालू इंजिनाची जुनी कार आहे, रान मोठं आहे, माल थोडा पण दिवसातून दहादा न्यायचाय, अन् रोडवर एक फूट पण न्यायची नाही, अशा माणसाला मी परभणीच्या चाचांकडं डोळे झाकून पाठवीन. पाचपैकी चार देतो, एक तारखांचा अन् काचेचा कापला.

बिजागऱ्यांचं त्यांना सांगितलंय, ट्रकच्या फाळक्याला असतेत तसल्या जाड घेऊन ह्या पोळ्याआधी स्वतः आखाड्यावर येऊन लावून देतो म्हणलेत. वेल्डिंग मशीन चालायला दिवसाची लाईट पाहिजे अन् ह्या आठवड्यात आमची पाळी रात्रीची आहे, म्हणून पुढच्या सोमवारी या म्हणलंय.