कुलाब्याचं अफगाण चर्च: वास्तू पहिल्या नंबरात, स्मारक अर्धंच

नेव्ही नगरच्या वाटेवरचं हे चर्च बहुतेक जण रंगीत काचांचे फोटो काढायला गाठतात. पण ते उभं राहिलं 1838 ते 1843 या काळात इंग्रजांच्या सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्यांसाठी. अधिकृत नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. पायाभरणी 1847, अभिषेक 1858, आणि सुमारे 60 मीटरचा सुळका पुरा झाला 1865 मध्ये. आराखडा हेन्री कॉनीबेअरचा, आतली बरीचशी सजावट विल्यम बटरफिल्डची.

वास्तूला नावं ठेवायला जागा नाही. रुंद टोकदार कमानी, इंग्लंडहून आणलेल्या फरशांची भौमितिक नक्षी, आणि पूर्व-पश्चिम टोकांच्या काचा. पूर्वेची काच सकाळी बघावी, पश्चिमेची दुपार कलल्यावर. भर दुपारी गेलात तर दोन्ही निस्तेज दिसतात आणि फोटोही फसतात.

स्मारक म्हणून बघायचं तर आधी स्मृतिलेख शोधा. घाई न करता वाचा, कारण खरी गोम तिथेच आहे. अधिकाऱ्यांची नावं वेदीच्या दालनाच्या भिंतींवर आहेत, असं लेख सांगतो. हवालदार आणि साधे शिपाई? ते इतके होते की नोंदवणं शक्य नव्हतं, म्हणे. रोगराईने मेले की तलवारीने, एवढा उल्लेख त्यांच्या वाट्याला आलाय. जानेवारी 1842 च्या काबूलच्या माघारीत सुमारे 4,500 सैनिक आणि 12,000 बाजारबुणगे निघाले होते; त्यातल्या बुणग्यांची तर इथे दखलच नाही. सिंधमधल्या मियाणीच्या लढाईत (1843) गोरी पलटण एकच होती, बाकी फौज देशी, त्यात पूना हॉर्स हे घोडदळही.

नोंदवणं शक्य नव्हतं हे कारण पटत नाही. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर त्याच मुंबई सरकारच्या फौजेतल्या देशी शिपायांची नावं कोरलेली आहेत, आणि तो स्तंभ या चर्चच्या पंचवीसेक वर्षं आधीचा. ‘नाक’ने संपणारी ती महार शिपायांची नावं आजही वाचता येतात. दोन्ही ठिकाणं पाहिली की फरक जास्त बोचतो.

दगडाकडेही लक्ष द्या. बांधकाम पिवळसर बेसॉल्ट आणि चुनखडीचं. समुद्र जवळ असल्याने खारी हवा दगडाच्या छिद्रांत शिरते. ओल वाळली की मिठाचे स्फटिक फुगतात आणि वरचा पापुद्रा सुटतो. चुनखडीला हा त्रास जास्त, बेसॉल्टला कमी. अशा भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरणं हा सगळ्यात वाईट उपाय: ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही आणि दगड फोडून निघते. सांधे चुन्यानेच भरायला हवेत. पितळी पाट्यांचंही तसंच. पॉलिशने घासून घासून अक्षरं बोथट होतात आणि खाचांत पांढरी पूड साचते.

चर्चगेट किंवा सीएसएमटीहून नेव्ही नगर, आर. सी. चर्चकडे जाणारी बेस्टची बस धरा. चर्चगेटपासून अंतर साधारण 4 किलोमीटर. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकांवर थांबा, वेदीच्या पायऱ्या चढू नका. नावं लांबून वाचायला छोटी दुर्बीण उपयोगी पडते. आजूबाजूला नौदलाचा परिसर आहे, तेव्हा बाहेर कॅमेरा फिरवण्याआधी फलक वाचा. आतल्या फोटोंसाठी तिथल्या माणसाला विचारूनच घ्या.